मानशीवरचं घड्याळ

रायबंदरहून संध्याकाळची फेरीबोट सुटते तेव्हा तिच्यात
अकरा स्कूटर, बांगड्यांची एक पाटी, कुणाचं तरी नवं कपाट
आणि माझा तडा गेलेला जुना फोन असतो.
तो मी दुमिंगच्या केबिनमध्ये तारेनं बांधलाय.
दुमिंग विचारतो, कुणाला लावायचा नाही तर हा कशाला?
मी म्हणते, हा पोस्टमन. फुकट प्रवास करतो, तुझ्यासारखाच.

चोडणच्या खाजनात सात मानशी,
सातांवर माझे सात डबे, पाणी मोजणारे.
रेंज तिथं कांदळवनात शिरली की गुडघाभर चिखलात रुतते.
मग डबे आपापले आकडे पोटाशी धरून बसतात,
एकमेकांना हाका देत धक्क्यापर्यंत सरकवतात,
आणि बोट लागली की फोनच्या ओंजळीत ओततात.

सर म्हणाले, विलंब किती?
एक फेरी चुकली तर अर्धा तास.
दुमिंगच्या पुतणीचं लग्न असलं तर एक दिवस.
सर हसले नाहीत. म्हणाले, तक्त्यात घाल.

घड्याळांचं दुखणं वेगळं.
उन्हात तापून प्रत्येक डब्याची वेळ थोडी थोडी ढळते.
अमावास्येच्या भरतीला तीन नंबर सांगतो, पाणी आधी माझ्याकडे आलं.
दोन नंबर सांगतो, माझ्याकडे.
मी चार पानं बाण काढत बसले होते.
कायतान मानशीवर विडी ओढत होता. म्हणाला, बाय,
पाण्याची वेळ घड्याळाला कशाला विचारतेस?
दोनचं दार आपटलं की मग तीनचं आपटतं.
कान दे.

आणि खरंच, काळोखात
धप्प.
मग बऱ्याच वेळानं, धप्प.
माझी चार पानं एवढीच होती.

त्यानंच सांगितलं, हे दार कुणी लावत नाही.
भरतीला नदी ढकलून लावते,
ओहोटीला शेत ढकलून उघडतं.
मधे कुणी साहेब नाही.
मी ते वहीत लिहिलं, आणि मला वाटलं की मला कळलं.

मग आश्विनात पाच नंबर बरळू लागला.
बाकी सहा म्हणत, ओहोटी आहे, पाणी घोट्याला.
पाच म्हणे, गळ्याला.
तीन दिवस, प्रत्येक फेरीतून, गळ्याला.
माझ्या पद्धतीत अशा वेळी मतं मोजतात.
सहा विरुद्ध एक. एक तृतीयांशापर्यंत खोटारडे पचतात,
हे मी स्वतः सिद्ध केलेलं, दोन परीक्षकांसमोर.
मी पाचचं मत कापलं. आलेख कसा छान सपाट झाला.

चौथ्या सकाळी कायतान कंबरेपर्यंत पाण्यात उभा.
खेकड्यांनी बांध पोखरला होता पाचच्या पाठीमागे,
नदी गुपचूप आत येत होती,
कोरगुटाच्या लोंब्या खाऱ्या पाण्यात पिवळ्या पडत होत्या.
डबा खोटं बोलत नव्हता.
सहाही खोटं बोलत नव्हते.
पाणीच वेगवेगळं होतं, आणि मी धरून चालले होते
की सगळे एकच पाणी मोजताहेत.

कायताननं मला दोष दिला नाही.
चिखल, पेंढा, पुन्हा चिखल, टाचेनं दाबत,
एवढंच म्हणाला, तुझा डबा तीन दिवस ओरडत होता
तर मला का नाही सांगितलंस?
मी सांगू शकले असते. माझ्याकडे त्याचा नंबरही होता.

आता शेवटचं प्रकरण राहिलंय,
‘पुढील संशोधनाच्या दिशा’.
सरांना तीन हव्यात, क्रमांक घालून.
बोटीच्या कठड्याला टेकून मी एक लिहिली
आणि खोडली.

दुमिंग हाक मारतो, पोस्टमनचं चार्जिंग संपलंय.
म्हणजे आजचा पाच नंबर अजून तारेतच लोंबकळतोय,
पाणी उतरलं की नाही
मला उद्या कळेल.
कायतानला ते आत्ताच कळलंय.
पलीकडच्या काठावर त्याची बॅटरी
सहाकडून पाचकडे परत चाललीय,
सावकाश, जिथे बांध मऊ आहे तिथे थांबत.